मागच्या पानावरचं उत्तर

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणाऱ्या माणसाकडे काही गोष्टी असाव्या लागतात: पिकलेले केस, निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' असं म्हणता येईल अशी एखादी वेळ. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र, आणि लहान मुलांच्या एका दवाखान्यात संध्याकाळी नोंदणीच्या टेबलावर बसतो. त्याला आता तीन वर्षं होतील. निवृत्तीचं सोडा, माझ्याकडे नियुक्तीचंही पत्र नाही. तेव्हा एवढ्या मोठ्या लोकांच्या पंगतीत मध्येच पाट मांडून बसल्याबद्दल आधीच माफी मागतो. अंकासाठी अनुभवी माणसांचं लेखन हवं आहे असं कळलं होतं. मी अनुभवी नाही. मला फक्त एक अनुभव आला आहे.

तो कशाबद्दल आहे हेही आत्ताच सांगून टाकतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी आहे, चिऊ. तिचा गोवराचा दुसरा डोस चुकला, आणि तो माझ्यामुळे चुकला. 'डोस चुकवू नका' हे लोकांना रोज चार तास सांगणं हेच ज्याचं काम, त्याच्यामुळे. तो डोस तिला शेवटी मिळाला की नाही, एवढाच या लेखातला प्रश्न आहे. बाकी सगळी माझी कारणं आहेत.

दवाखाना गुलटेकडीत, मार्केट यार्डाच्या जवळ. माझे वडील यार्डात कांदा-बटाट्याच्या बाजूला हमाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गाळ्यावर सांगितलं की पोरगा 'डॉक्टरच्या हाताखाली' आहे. खरं तर मी डॉक्टर मॅडमच्या खोलीच्या बाहेर आहे. नाव लिहून घ्यायचं, बाळाचं वजन करायचं, लसीच्या कार्डावर पुढची तारीख टाकायची, तारीख उलटली की फोन करायचा आणि सकाळी-संध्याकाळी लसीच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहायचं. सकाळचं तापमान मी कॉलेजला जाताजाता लिहितो.

या फ्रिजशी माझी ओळख पहिल्याच दिवशी झाली. उन्हाळा होता, म्हणून मी माझा डबा त्यात ठेवला. मॅडम रागावल्या की 'तू'चं 'आपण' होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"आपण घरून काय आणलंय?" मॅडमनी विचारलं.

"मटकीची उसळ, मॅडम." मला वाटलं, चौकशी करतायत.

"छान. गोवराच्या शेजारी ठेवलीत. लसीला भूक लागत नसते. तिला फक्त थंडावा लागतो आणि दार सारखं कोणी उघडलेलं तिला खपत नाही. आपण जेवायला दहा वेळा दार उघडणार, आणि मग मूल आजारी पडलं की लोक म्हणणार, लसच वाईट."

त्या दिवशी मला या धंद्यातली पहिली गोष्ट कळली. कंपनीच्या कागदावर लस कितीही गुणी असली, तरी तिचा गुण शेवटी माझ्या उसळीवर अवलंबून असतो. चाचणीत निवडक मुलं, मोजून-मापून थंड ठेवलेली लस आणि ठरल्या दिवशी डोस. आमच्याकडे वीज गेलेली, बाळाला सर्दी आणि बाबा बंगलोरला. चाचणीतला आकडा आणि व्यवहारातला आकडा यांत जो फरक पडतो तो यामुळे. पुस्तकात या दोन्हींना वेगवेगळी नावं आहेत, दवाखान्यात दोन्हींना मिळून एकच नाव आहे: 'तुम्ही तर म्हणाला होतात'.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. पुण्यात टक्के हा शब्द उच्चारला की समोरच्या माणसाला दहावीचा निकाल दिसतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या प्रामाणिकपणे सांगायचो, नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या गोवराच्या पहिल्या डोसाची परिणामकारकता साधारण पंच्याऐंशी टक्के असते. यावर एक आई म्हणाल्या, "पंच्याऐंशीच? आमच्या मोठ्याला ब्याण्णव होते, तरी हवं ते कॉलेज मिळालं नाही." फ्लूच्या लसीचा आकडा वर्षावर्षाला बदलतो, कधी बराच खाली येतो, हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे काठावर पास. राहू दे मग." आणि त्या नातवाला घेऊन उठल्यासुद्धा.

हे मार्क नाहीत हो. शंभर मुलांना पहिला डोस दिला तर साधारण पंच्याऐंशी मुलांच्या अंगात संरक्षण तयार होतं, पंधरा मुलांच्या होत नाही. ती पंधरा मुलं कोणती, हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून दुसरा डोस सगळ्यांनाच द्यायचा. दुसरा डोस म्हणजे वरणावर वरून घातलेलं जास्तीचं तूप नव्हे. पहिल्या फेरीत ज्यांना मिळालंच नाही त्यांच्यासाठीची ती दुसरी फेरी असते. त्यानंतर शंभरातली पंचाण्णवच्या वर मुलं सुरक्षित होतात. एवढंच आहे. पण एवढंच सांगायला मला तीन वर्षं लागली, आणि अजूनही माणूस मध्येच विचारतो, "मग राहिलेले पाच टक्के कुठे कापले?"

माझ्यापेक्षा हे जास्त चांगलं सांगितलं ते शेख चाचांनी. यार्डात वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. नातीला, सनाला, घेऊन येतात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल खिशात. तारीख उलटली की मी फोन करायचा, तर तारखेच्या आदल्याच दिवशी ते मला फोन करून विचारायचे, "उद्या मॅडम आहेत ना?" मी एकदा फार खरेपणानं त्यांना म्हणालो, "चाचा, एक सांगू? ही लस शंभर टक्के नसते."

चाचांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "शंभर टक्के काय असतं, बेटा? चाळीस वर्षं काटे उघडून बसलोय. एकही काटा बिलकुल बरोबर नाही पाहिला. म्हणून काय व्यापारी हातानं पोतं उचलून वजन सांगतात?"

"काहीजण सांगतात."

"ते चोर असतात," चाचा म्हणाले आणि सनाला मांडीवर घेऊन बसले.

हे वाक्य मी तेव्हाच कागदावर उतरवून भिंतीला लावायला हवं होतं. लावलं नाही, कारण ते आमच्या पुस्तकात नव्हतं.

मी जे लावलं, ते अद्वैतच्या बाबांमुळे. आमच्याकडे आईवडिलांना स्वतःचं नाव नसतं. 'सनाचे आजोबा', 'अद्वैतचे बाबा' एवढंच. अद्वैतचे बाबा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सासुरवाडी जवळ, म्हणून आमच्याकडे येतात. खुर्चीवर बसले की आधी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतात, मग जागा उरली तर अद्वैतला. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "मला एक सांगा. आमच्या ओळखीत एका पाळणाघरात गोवर झाला. जी मुलं आजारी पडली त्यातली निम्मी व्हॅक्सिनेटेड होती. मग व्हॅक्सिन करतंय काय? मला डेटा द्या, इमोशनल नको."

मला अतिशय आनंद झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या विषयातला प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "सर, उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात बसून एक कागद तयार केला. आमचे एक सर वर्गात आधी कोडं घालतात, मुलांना चुकू देतात, मग उत्तर सांगतात. मला ती पद्धत फार आवडते. म्हणून मीही कागदाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात कोडं लिहिलं:

'समजा एका बालवाडीत शंभर मुलं आहेत. पंचाण्णव जणांनी दोन्ही डोस घेतले आहेत, पाच जणांनी एकही नाही. गोवराची साथ आली. दहा मुलं आजारी पडली. त्यातली पाच लस घेतलेली, पाच न घेतलेली. म्हणजे निम्मी! मग लसीचा उपयोग काय?'

आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, प्रश्नपत्रिकेत असतं तसं: 'उत्तर मागे'.

मागच्या बाजूला उत्तर होतं. लस घेतलेल्या पंचाण्णवांपैकी पाच आजारी पडले, नव्वद वाचले. न घेतलेल्या पाचांपैकी पाचही पडले, एकही वाचला नाही. आजारी मुलांमध्ये कोण किती, हे मोजू नका. लस घेतलेल्यांचा गट इतका मोठा असतो की त्यातले थोडे पडले तरी संख्या मोठी दिसते. प्रत्येक गटातले किती वाचले ते मोजा.

कागद उलटता यावा म्हणून मी त्याला दोरा ओवला आणि बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगला. मॅडम आल्या तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं तो फिरलेला होता, त्यामुळे त्यांनी नेमकं उत्तरच वाचलं. "बरं लिहिलंयस," म्हणाल्या. तीन वर्षांतली ही त्यांची एकमेव स्तुती, आणि तीही वाऱ्याच्या मेहेरबानीनं. अद्वैतच्या बाबांनी कोडं वाचलं, "इंटरेस्टिंग," म्हणाले आणि मोबाइलवर फोटो काढला. मी टेबलामागे बसून सुखावलो. मोबाइलच्या फोटोला मागची बाजू नसते, हे संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही.

त्यानंतर दीडेक महिन्यानं एका रविवारी ताई घरी आली. ताईचं सासर खडकवासल्याच्या बाजूचं; गाव आता शहरात घेतलंय, पण पाणी अजून गावातलंच येतं. दाजी हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवतात. चिऊ तेव्हा दीड वर्षाची, म्हणजे दुसऱ्या डोसाच्या वयाची झाली होती. जेवणं झाल्यावर मी सवयीनं विचारलं, "ताई, चिऊचा दुसरा डोस झाला का गं?"

"नाही नेलं," ताई म्हणाली. "तूच लिहिलंयस की."

"मी?"

तिनं फोन पुढे केला. माझा कागद होता. कोपरा कापलेला, 'उत्तर मागे' गायब, आणि वर कोणीतरी टाइप केलं होतं: 'पुण्यातल्या दवाखान्यातला खरा कागद. डॉक्टर हे सांगणार नाहीत.' अद्वैतच्या बाबांनी तो त्यांच्या बसच्या ग्रुपवर टाकला होता. त्याच ग्रुपवर दाजी होते, कारण बस तेच चालवतात.

"यांनी दाखवला तेव्हा मी लगेच ओळखलं," ताई म्हणाली. "म्हटलं, हे माझ्या भावाचं अक्षर आहे. जावेला पण पाठवला. आरोग्य केंद्राच्या आशाताई डोसासाठी दोनदा बोलवायला आल्या, त्यांना पण दाखवला."

इथे एक सांगायला हवं. ताई आठवीनंतर शाळेत गेली नाही. आई यार्डात कांदा निवडायला जायची आणि घरी मला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. माझ्या वह्यांना कव्हरं तिनं घातली, नावं तिनं घातली, पहिली दोन वर्षं पाढे तिनं घेतले. छापलेलं पत्रक असतं तर तिनं दहा जणांना विचारलं असतं. माझं अक्षर पाहिल्यावर विचारायचं कोणाला?

"ताई, ते चुकीचं आहे," मी म्हणालो.

"चुकीचं आहे तर लिहिलंस कशाला?"

"चुकीचं म्हणजे, अर्धं आहे. उत्तर मागे होतं."

दाजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "आमच्या बसमधी सगळे इंजिनीअर हायत. एकानं पण चूक नाय काढली."

"दाजी, त्यांना मागची बाजू दिसलीच नाही!"

"चाळीस माणसं हायत. सगळे आंधळे काय?"

वडिलांना वेगळीच शंका आली. त्यांनी आवाज खाली घेतला. "डॉक्टरीणबाई रागावल्या काय तुला? खरं लिहिलं म्हणून?"

"नाही हो बाबा. मीच सांगतोय, माझी चूक झाली."

"असंच म्हणायला लावतात," आई आतून म्हणाली. "नोकरी आहे बाबा. म्हण, म्हण. आम्ही काही बाहेर बोलत नाही."

पाच मिनिटांत मी सत्य लिहून दडपणाखाली माघार घेतलेला माणूस झालो होतो. आमच्या घरात आजवर कोणाच्या लिहिण्याला एवढी किंमत आली नव्हती. जे लिहिलं ते शिकलेल्या माणसानं लिहिलं म्हणून खरं. जे आता बोलतोय ते नोकरदार माणूस बोलतोय म्हणून खोटं.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी कागद खिळ्यावरून काढला आणि पहिल्यांदाच पुढची बाजू वाचली.

"आपण विद्वान आहात," त्या म्हणाल्या. "कॉलेजात प्रश्नपत्रिका वाटतात, मान्य आहे. इथे कडेवर तापानं फणफणलेलं पोर घेऊन बाई येते. ती उत्तर न्यायला येते. तिला आपण कोडं घालताय?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि बहिणीला?"

"समजावलं. ऐकत नाही."

"काय समजावलंस?" 'आपण'चं 'तू' झालं होतं. "आकडेच ना? उत्तर आधी सांगायचं, एका वाक्यात. कारण ज्याला हवं असेल त्यालाच. जा, तिच्या घरी जाऊन ये."

तेवढ्यात अद्वैतचे बाबा आले. मी फार धीर करून त्यांना विचारलं, "सर, तुम्ही तो फोटो ग्रुपवर टाकला होता. उत्तर टाकलं नाही."

"अरे, ते जस्ट डिस्कशनसाठी टाकलं होतं," ते म्हणाले. "लोक फारच सीरियसली घेतात."

"आणि अद्वैतचा दुसरा डोस?"

"तो झाला ना, ड्यू डेटलाच. रिस्क कशाला घ्यायची?"

मी कार्ड पाहिलं. झाला होता. माझ्याच अक्षरात तारीख होती.

पुढच्या रविवारी मी तो मूळ कागद घेऊन ताईकडे गेलो. मागची बाजू तिच्यापुढे धरली. तिनं सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचलं. मग म्हणाली, "हे तू नंतर लिहिलंस."

"नाही ताई. शाई बघ, एकच आहे."

"एकच असणार. पेन तुझंच ना."

मी चाचांच्या काट्याचं सांगून पाहिलं, पण दुसऱ्याचा विनोद सांगताना होतं ते झालं. ती हसली आणि चहा टाकायला उठली. जाताना मला दारात म्हणाली, "तुला त्रास होत असेल तर नोकरी सोड. पण माझ्यापाशी खोटं बोलू नकोस." ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती काळजीनं म्हणाली.

मी दर दोन दिवसांनी फोन करत राहिलो. ती दर वेळी चिऊनं कोणता नवा शब्द काढला ते सांगायची. डोसाचा विषय काढला की म्हणायची, "बघू." पुण्यात 'बघू' म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

अशात त्यांच्या भागात गोवराचे रुग्ण निघाल्याची बातमी आली. आणि त्याच आठवड्यात, एका दुपारी, मी कॉलेजच्या जिन्यात असताना दाजींचा फोन आला.

"चिऊच्या अंगावर पुरळ आलाय," ते म्हणाले. "ताप पण हाय. तुझी ताई बोलत नाय कुणाशी."

मी मॅडमना फोन केला. त्यांनी 'आपण' म्हटलं नाही. लगेच महापालिकेच्या आरोग्य केंद्रात कळवायला सांगितलं, मुलीला इतर मुलांपासून वेगळं ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "तू जा. बोलू नकोस, नुसता जा."

मी पोचलो तेव्हा आशाताई आधीच आल्या होत्या; दोनदा परत पाठवलेल्या त्याच. त्यांच्याबरोबर केंद्रातल्या सिस्टर होत्या. त्यांनी चिऊला व्हिटॅमिन 'ए' दिलं, रक्त घेतलं, घशातला नमुना घेतला. चिऊ रडली, मग रडायचीही थांबली, ते जास्त वाईट होतं. निकाल यायला काही दिवस लागतील, असं सांगून त्या गेल्या. आशाताई मला जाताना म्हणाल्या, "तुम्हीच का ते मामा?" आणखी काही म्हणाल्या नाहीत. त्या पुण्याच्या आहेत. त्यांना गरज वाटली नसावी.

ते आठ दिवस मी काय केलं असेल? हिशेब केला. पहिला डोस झालाय, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी मुली सुरक्षित. पुरळ दुसऱ्याही विषाणूंनी येतो. साथ आसपास आहे, म्हणजे शक्यता वाढली. वहीची तीन पानं भरली. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण त्या घरात शंभर मुली नव्हत्या. एकच होती, तिचे डोळे लाल झाले होते आणि ती पाणी प्यायला नको म्हणत होती. दवाखान्यात मी तीन वर्षं लोकांना 'शंभरातल्या इतक्या' असं सांगत होतो, आणि समोरच्या बाईच्या तोंडावर काहीच का उमटत नाही याचं मला नवल वाटायचं.

ताई त्या आठ दिवसांत मला एकदाही काही म्हणाली नाही. तिनं मला दोष दिला असता तर मी मागची बाजू दाखवली असती. तिनं फक्त एकदा विचारलं, "झोप येत नाहीये तिला. चालतं ना?" मी म्हणालो, "मॅडमना विचारतो." तीन वर्षांत मी दिलेलं सगळ्यात बरोबर उत्तर तेच असावं.

ताप उतरला, पुरळ गेला, आणि मग निकाल आला. गोवर नव्हता. दुसरं काहीतरी साधं होतं.

मी तिथेच होतो. दाजींनी देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी यार्डातून फोनवर दोनदा विचारून घेतलं, "नव्हता म्हणजे नव्हताच ना?" ताईनं चिऊला उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ. एका डोसातच भागलं की नाही? तू लिहिलंस ते बरोबरच होतं."

माझ्या ओठांवर पूर्ण व्याख्यान आलं होतं. एका मुलीला एकदा गोवर झाला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही; मुळात ती गोवराच्या संपर्कात आली होती की नाही हेही माहीत नाही. पण मला मॅडमचं 'एका वाक्यात' आठवलं. मी म्हणालो, "ताई, मी चुकलो. डोस दे तिला."

"बघू," ती म्हणाली.

मी परत टेबलावर बसायला लागलो. नवा कागद केला. एकाच बाजूला लिहिलेला, कोडं नाही, गंमत नाही: 'दोन्ही डोस द्या. एका डोसानं काही मुलांना संरक्षण मिळत नाही. ती कोणती ते आधी कळत नाही.' तो कोणी वाचत नाही. अद्वैतच्या बाबांनी त्याचा फोटोही काढला नाही. म्हणाले, "यात इन्साइट नाहीये."

पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. ताईला मी फोन करायचो, ती चिऊचे शब्द सांगायची. मी डोसाबद्दल विचारणं सोडलं होतं. विचारलं की 'बघू' मिळतं, आणि प्रत्येक 'बघू' आधीच्यापेक्षा पक्कं होत जातं, हे मला आता कळत होतं.

मग एका संध्याकाळी, टेबलापुढे रांग असताना, आशाताईंचा मेसेज आला. 'तुमच्या भाचीचा डोस आज झाला. आई स्वतः घेऊन आली, कोणी बोलवायला गेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, परत ते आठ दिवस नकोत.' खाली एक फोटो होता, त्यांच्या केंद्रातल्या राहून गेलेल्या मुलांच्या यादीचा. बाकीची नावं त्यांनी बोटानं झाकली होती. चिऊच्या नावापुढे बरोबरची खूण होती, तारीख होती, आणि शेवटी 'उशिराचं कारण' असा रकाना होता. तिथे लोक काय लिहितात ते मला कामामुळे माहीत आहे: बाहेरगावी, ताप, कार्ड हरवलं.

चिऊपुढे सिस्टरनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मुलीचे मामा कॉलेजात आहेत.'